सॅन जॅसिंटो: रसदेच्या नजरेने पाहावं असं रणांगण

ह्यूस्टनला आई-वडील आले की पहिले काही शनिवार ठरलेलेच असतात. नासा, गॅल्व्हेस्टनचा समुद्र, पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर. त्यानंतर कुठे न्यायचं, असं मैत्रिणी नेहमी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ला पोर्टजवळचं सॅन जॅसिंटोचं रणांगण आणि तिथल्या स्मारकाच्या पायथ्याचं संग्रहालय. माझ्याकडून साडेचार तारे. अर्धा का राखून ठेवला, ते ओघात येईलच.

मी शिप चॅनेलवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये मटेरियल्स बघते. दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचा शटडाऊन लागला की कुठला व्हॉल्व्ह कधी येणार, गॅस्केट कुणाकडे शिल्लक आहे, ट्रक कुठे अडकलाय, यातच माझा दिवस जातो. बाबा आर्मी सर्व्हिस कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घर साताऱ्याकडचं. लढाईचा विषय निघाला की आमच्याकडे तलवारीच्या आधी दाणागोट्याची गोष्ट निघते. पानिपतावर भाऊसाहेबांचं सैन्य आधी उपाशी पडलं आणि मग हरलं, हे मी शाळेत शिकण्याआधी जेवताना ऐकलंय. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या नजरेचा आहे. बंदुका, गणवेश, शौर्य यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

हायवे २२५ ने गेलात तर दोन्ही बाजूंना रिफायनऱ्या लागतात, चिमण्या, टाक्या, पाइप. मग एकदम मोकळं गवत आणि त्यात उभा ५६७ फुटांचा स्तंभ, वर ३४ फुटांचा तारा. वॉशिंग्टनच्या स्मारकापेक्षाही हा उंच आहे. लांबून तो गुळगुळीत दिसतो, पण अगदी भिंतीला नाक लावून बघा. दगडात शिंपल्यांचे ठसे आहेत, शेकडो, बोट घालता येईल एवढे खोल. हा टेक्सासातलाच शिंपल्यांचा चुनखडी दगड आहे. बाबा तिथेच बराच वेळ हात फिरवत उभे राहिले.

ज्यांना इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८३५ मध्ये टेक्सास मेक्सिकोचा भाग होता. अमेरिकेतून आलेले वसाहतवाले आणि मेक्सिकोचं केंद्र सरकार यांचं जुळेना. मेक्सिकोचा अध्यक्ष आणि सेनापती सांता आना याने सत्ता एकवटली होती, जमिनीचे आणि जकातीचे वाद होते, आणि गुलाम बाळगण्याचा प्रश्नही होता, कारण मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती. ऑक्टोबर १८३५ मध्ये गोन्झालेसला पहिली चकमक झाली, ६ मार्च १८३६ ला सॅन अँटोनियोतलं बंडखोरांचं ठाणं, अलामो, पडलं, आणि २१ एप्रिलला दुपारी इथे, या गवतात, टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टनच्या सुमारे ९०० माणसांनी सांता आनाचा तळ अठरा मिनिटांत मोडला. मेक्सिकोचे ६३० मेले, टेक्सासचे नऊ. स्तंभाच्या पायथ्याला हे सगळं कोरलेलं आहे, वाचायला वेळ ठेवा.

बाबांनी ते वाचून घेतलं आणि मला विचारलं, "अगं, ते सगळं ठीक. पण या नऊशे माणसांना खायला कोण घालत होतं?"

मला वाटतं, या जागेला भेट द्यायची तर हाच प्रश्न खिशात घेऊन जावं. कारण हे पगारी सैन्य नव्हतं. शेतकरी, वकील, भटके, लुइझियाना-केंटकीहून आलेली पोरं. ज्याची त्याची बंदूक, ज्याच्या त्याच्या नळीचं माप, त्यामुळे सगळ्यांना चालेल अशी एक गोळी पुरवणंच अशक्य. कुणी पेरणीला घरी निघून जायचा, कुणी नवा यायचा. सकाळी किती तोंडं आहेत हे संध्याकाळी बदललेलं. माझ्या धंद्यात मागणीचा आकडा असा हलत राहिला तर आम्ही हात टेकतो. आणि सरकार? त्याच्याकडे तिजोरीच नव्हती.

मग चाललं कशावर? उधारीवर. ब्राझोस नदीच्या मुखाशी क्विंटानाला मॅकिनी अँड विल्यम्स नावाची पेढी होती, कापूस घ्यायचा आणि माल विकायचा हा धंदा. थॉमस मॅकिनी आणि सॅम्युएल विल्यम्स या दोघांनी आपली पत पणाला लावून दीड लाख डॉलर्सच्या वर उचल दिली. बंडाच्या बाजूने पहिली जहाजं उभी राहिली त्यातही त्यांचा पैसा होता. पेढीची न्यू ऑर्लिन्समध्ये ओळख होती, म्हणून तिथले व्यापारी माल सोडत. टेक्सास नावाच्या देशाला कुणी उधार दिलं नसतं, कारण तो देश अजून झालाच नव्हता. मार्च १८३६ च्या सुरुवातीला स्वातंत्र्य जाहीर झालं तोवर पुष्कळ माल येऊन खाऊनही झाला होता. या दोघांना पुढे आपली सगळी रक्कम कधीच परत मिळाली नाही. पुरवठा करणाऱ्या माणसांबद्दल मला आतून आदर वाटतो तो अशा वेळी. ह्यूस्टनच्या नावाचं शहर झालं. मॅकिनीचं नाव इथल्या किती लोकांना माहीत आहे?

न्यू ऑर्लिन्स हे या बंडाचं कोठार होतं. ऑक्टोबर १८३५ मध्ये तिथे सभा भरली, वर्गणी जमली आणि 'न्यू ऑर्लिन्स ग्रेज' नावाच्या दोन तुकड्या निघाल्या, राखाडी कपड्यांत. जानेवारीत टेक्सासच्या वसाहतवाल्यांचा पुढारी स्टीफन ऑस्टिन आणि त्याचे साथी तिथेच दोन लाख डॉलर्सचं कर्ज ठरवून आले. हातात पहिल्यांदा त्यातले जेमतेम वीस हजार पडले, आणि परतफेड जमिनीत, एकरी पन्नास सेंटच्या भावाने. म्हणजे जी जमीन अजून जिंकायची होती तीच तारण.

संग्रहालयाकडे येताना दोन तोफांच्या प्रतिकृती चुकवू नका. यांना 'ट्विन सिस्टर्स' म्हणतात. सहा पौंडी तोफा, ओहायोतल्या सिनसिनाटीच्या नागरिकांनी वर्गणी काढून तिथल्या ओतकामाच्या कारखान्यात करवून घेतल्या. अमेरिका तेव्हा मेक्सिकोशी युद्धात नव्हती, त्यामुळे उघड शस्त्रं पाठवणं कायद्यात बसत नव्हतं. कागदावर त्यांची नोंद पोकळ भांडी अशी झाली. ओहायो नदीतून मिसिसिपीत, तिथून न्यू ऑर्लिन्स, तिथून 'पेनसिल्व्हेनिया' जहाजाने गॅल्व्हेस्टन. त्या जहाजावर डॉक्टर चार्ल्स राइस यांच्या जुळ्या मुली होत्या, त्यांच्यावरून नाव पडलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तोफा सैन्याला मिळाल्या. पण गोळे? ते नव्हते. मग घोड्यांचे नाल आणि मोडकं लोखंड तोडून तेच तोफेत भरायचं ठरलं. २१ तारखेला मेक्सिकन तळावर गेलं ते हे भंगार. बाबांना हा भाग फार आवडला. म्हणाले, "इश्यू व्हाउचरवर काय लिहिलं असेल गं, नाल, वापरलेले?" अस्सल तोफा पुढे हरवल्या, त्यांचा शोध अजून चालू आहे.

अलामोबद्दल आपण सगळे शौर्याचं ऐकतो. भुकेचं कमी. १८३५ च्या अखेरीस मेक्सिकोतल्या मातामोरोसवर स्वारी करायला निघालेल्या जॉन्सन आणि ग्रँट या बंडखोरांच्याच पुढाऱ्यांनी तिथला शिधा, कपडे, औषधं आणि घोडे उचलून नेले. मागे राहिलेल्यांचा प्रमुख जेम्स नील याने सरकारला तक्रारीची पत्रं लिहिली, पण माल आला नाही. मग नीलच्या जागी आलेल्या ट्रॅव्हिसचं, वेढ्यातून लिहिलेलं २४ फेब्रुवारीचं प्रसिद्ध पत्र. त्याच्या शेवटच्या ओळी लोक सोडून देतात. शत्रू दिसला तेव्हा आमच्याकडे तीन बुशेल मकासुद्धा नव्हता, असं तो लिहितो. मग रिकाम्या घरांत ऐंशी-नव्वद बुशेल सापडला आणि वीस-तीस गुरं आत घेता आली. बुशेल म्हणजे मक्याचे साधारण पंचवीस किलो. बाबांनी तिथेच बाकावर बसून हिशेब केला. दीडशे माणसं, पंचाहत्तर किलोपेक्षा कमी, म्हणजे माणशी अर्धा किलोही नाही. एका दिवसाचा शिधा. वेढा तेरा दिवस चालला. शेजारच्या गावातली ओसाड घरं नसती तर तो तिसऱ्या दिवशीच संपला असता.

गोलियाडची गोष्ट तर मला वाचवत नाही. तिथल्या टेक्सासच्या फौजेचा प्रमुख फॅनिन, त्याच्याकडे तीनशेच्या वर माणसं होती. २६ फेब्रुवारीला तो अलामोच्या मदतीला निघाला आणि गावाच्या नजरेतच गाड्या मोडल्या, नदी ओलांडताना तोफा अडल्या, रात्री बैल चरत चरत निघून गेले. खायचं पुरेसं घेतलेलं नव्हतं. परत फिरला. १९ मार्चला माघार घेताना पुन्हा तेच: उघड्या माळावर थकलेल्या बैलांना चारायला थांबला, तिथेच घेरला गेला, पाणी नाही, तोफा थंड करायलाही नाही. शरण आलेल्यांपैकी साडेतीनशेच्या आसपास माणसं मेक्सिकन सैन्याने २७ मार्चला गोळ्या घालून मारली. सगळा दोष बैलांचा नाही, फॅनिनचे निर्णयही तसेच होते. पण गाडीचा आस, बैलाची दावण आणि पाण्याचं पिंप यांकडे कुणी लक्ष दिलं असतं तर त्यातली किती पोरं घरी गेली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ह्यूस्टनला हे कळलं असावं. तो मागे मागे सरकत राहिला, लोक त्याला भित्रा म्हणत राहिले. ३१ मार्चपासून जवळजवळ दोन आठवडे तो ब्राझोसकाठी जॅरेड ग्रोसच्या मळ्यापाशी तळ देऊन बसला. तिथे मका होता, गुरं होती, लोहारकाम होतं. हे सगळं गुलामांच्या श्रमाचं होतं, ग्रोस टेक्सासातल्या मोठ्या गुलाममालकांपैकी एक. नऊशे माणसांच्या पोटात गेलेल्या घासामागे ज्यांचे हात होते त्यांना त्या स्वातंत्र्यात वाटा मिळाला नाही. उलट नव्या देशाच्या घटनेने गुलामगिरी पक्की केली. रसदेचा हिशेब मांडायचा तर हे जमेच्या बाजूला लिहावंच लागतं, आणि कुणाच्या नावावर जमा, तेही.

त्याच काठावर 'यलोस्टोन' नावाची वाफेवरची बोट कापूस भरत होती. आधी मिसुरी नदीवर कातड्यांच्या व्यापारात चाललेली ही बोट आता मॅकिनीच्या धंद्यात होती. ब्राझोसला पूर आलेला. ह्यूस्टनने ती ताब्यात घेतली, खलाशांना जमिनीचं आश्वासन दिलं आणि १२ एप्रिलपासून माणसं, घोडे, बैल, गाड्या पलीकडे नेल्या. कापसाच्या गाठी बोटीवरच ठेवल्या, गोळ्या अडवायला. नंतर ती खाली समुद्राकडे निघाली तेव्हा मेक्सिकन स्वारांनी धुराड्यावर फास टाकून तिला धरायचा प्रयत्न केला, असं सांगतात. ही एक बोट नसती तर सैन्य पुराच्या अलीकडेच राहिलं असतं. शटडाऊनला एकच क्रेन असते आणि ती सगळ्यांना हवी असते, तेव्हा मला हटकून यलोस्टोन आठवते.

पुढचा टप्पा बैलांचा. पॅमेलिया मान नावाच्या बाईंनी आपले बैल तोफ ओढायला दिले होते, पण अट अशी की सैन्य नॅकोग्डोचेसच्या वाटेने जाणार असेल तरच. फाट्यावर सैन्य हॅरिसबर्गकडे, म्हणजे शत्रूच्या दिशेने, वळलं. बाई घोड्यावरून मागून आल्या, चाकूने दोर कापले आणि आपले बैल घेऊन गेल्या. गाडीवानांचा मुकादम बैल परत आणायला गेला तो हात हलवत आला. ही गोष्ट इथे गमतीने सांगतात. मला ती गंमत वाटत नाही. सारा मुलूख घरं सोडून पूर्वेला पळत होता, चिखलातून, पोरंबाळं घेऊन. त्या वेळी बैलजोडी म्हणजे बाईचं घर, गाडी आणि पुढच्या वर्षीची पेरणी. ठरल्याप्रमाणे दिलं, ठरलेलं मोडल्यावर परत घेतलं. तिचं चुकलं कुठे?

१९ एप्रिलला बफेलो बायू (संथ वाहणारा मोठा ओढा) ओलांडायला तराफा हवा होता, म्हणून एका घराच्या जमिनीच्या फळ्या उखडल्या. २० तारखेला लिंचच्या फेरीपाशी सांता आनाच्या सैन्यासाठी निघालेली, पिठाने भरलेली होडी हाती लागली. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे. शेवटच्या लढाईआधी पोटात गेलेलं पीठ शत्रूचं होतं.

आता लिफ्टने वर जा. ४८९ फुटांवर खिडक्या आहेत. वर गेल्याशिवाय हे काही कळत नाही. खाली बायू सॅन जॅसिंटो नदीला मिळताना दिसतो, आग्नेयेला गॅल्व्हेस्टनची खाडी. सांता आना मोठं सैन्य मागे ठेवून थोड्या माणसांनिशी पुढे धावत आला आणि पाण्याच्या कोपऱ्यात शिरला. त्याची रसद शेकडो मैल मागे, बैलगाड्यांवर, चिखलात. ह्यूस्टनचं सामान पाण्याने येत होतं. खिडकीतून आज टँकर आणि कंटेनरची जहाजं जाताना दिसतात, त्याच पाण्याने. माझ्या प्लांटचा अर्धा माल त्या वाटेने येतो. मी रोज त्या काठावर काम करते, पण या पाण्याचा आकार मला त्या खिडकीतून कळला.

अर्धा तारा राखून ठेवला तो एवढ्यासाठी की मला इथे एक अख्खी भिंत हवी आहे, फक्त पुरवठ्याची. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावरून निघालेलं पिंप कुठल्या जहाजात चढलं, कुठे उतरलं, किती दिवसांनी छावणीत पोहोचलं, पैसे कुणी भरले. प्रदर्शनात स्पॅनिश काळापासूनच्या वस्तू आहेत आणि त्या नीट मांडल्या आहेत, मुलांनाही धरून ठेवतात. माझी मागणी वाढीव आहे, तक्रार नाही.

त्या भिंतीवर टेहानो लोकांनाही मोठी जागा हवी, म्हणजे टेक्सासातल्या मूळच्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांना. हुआन सेगीन स्वतःच्या तुकडीसह इथे लढला. शत्रू कोण आणि आपला कोण हे कळावं म्हणून त्याच्या माणसांनी टोपीत पुठ्ठे खोचले होते. त्याचे वडील एरास्मो यांनी आपल्या रँचवरून सैन्याला गुरं आणि धान्य दिलं. व्हिक्टोरियाच्या दे लेओन कुटुंबानेही बंडाला मदत केली, आणि त्याच वर्षी त्यांना घरदार सोडून न्यू ऑर्लिन्सला जावं लागलं. सेगीनवरही १८४२ मध्ये मेक्सिकोत पळायची वेळ आली. ज्याचं खाल्लं त्यालाच हाकललं. मला याची चीड येते आणि ती लपवायचं कारण दिसत नाही.

सैनिकांचा हिशेब जमिनीत चुकता झाला: दर तीन महिन्यांच्या सेवेला ३२० एकर, जास्तीत जास्त १,२८०, आणि या लढाईत असणाऱ्यांना पुढे वेगळे ६४० एकर. ज्यांची गुरं, मका, बंदुका नेल्या त्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या. त्या चिठ्ठ्या घेऊन लोक वर्षानुवर्षं सरकारकडे खेटे घालत राहिले. ते कागद आज ऑस्टिनला टेक्सास स्टेट लायब्ररीत आहेत आणि 'रिपब्लिक क्लेम्स' या नावाने घरबसल्या ऑनलाइन बघता येतात. भेटीच्या आधी थोडे चाळून जा, इथलं सगळं वेगळं दिसेल. बाबा सातारला परतल्यावरही फोनवर ते वाचत असतात.

बाकी व्यवहाराचं. मैदानात फिरायला पैसे पडत नाहीत. लिफ्ट आणि प्रदर्शनाला तिकीट आहे, आणि ती चालू आहे ना हे निघण्याआधी संकेतस्थळावर बघा. एप्रिलमध्ये जा, २१ तारखेच्या आसपास कार्यक्रमही असतात. जुलै-ऑगस्टमध्ये वयस्कर माणसांना नेऊ नका, सावली कमी आहे. दलदलीवरच्या लाकडी पायवाटेवर डास आहेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पाणी आणि डबा घरून न्या. येताना हायवेने परतू नका. लिंचबर्गची फेरी घ्या, गाडीसकट फुकट नेते. १८२२ पासून इथे फेरी आहे आणि पलीकडे जायला मोजकी मिनिटं लागतात. फेरीवर गाडीतून उतरायला देत असतील तर आई-बाबांना कठड्याशी उभं करा, डावीकडे बघायला सांगा, तिथून स्तंभ पूर्ण दिसतो आणि फोटो चांगला येतो.